आकसणीचं माप

बाबा,

काल आईची ट्रंक उघडली, तर जुन्या लुगड्यांच्या खाली तुमची पट्टी सापडली. हातभर लांबीची, पोलादी, कडांना गंज धरलेली, आणि एका टोकाला तुम्ही खिळ्यानं ओरखडून केलेली फुली. तुमच्या सुनेला दाखवली. तिनं हातात घेतली नाही. लांबूनच बघितली, "जिथं होती तिथं ठेवून द्या" म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. तिचं बरोबर आहे. पण मी ती परत ठेवली नाही. सकाळपासून टेबलावर पडली आहे, आणि तिच्याकडे बघत मी तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही गेलात तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता, आता राज्यसुद्धा दुसरं झालं. इतक्या वर्षांनी मेलेल्या बापाला पत्र लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. म्हणोत.

ही पट्टी मी पहिल्यांदा पाहिली ती विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. वर्षातला तो एकच दिवस, कामगारांच्या बायकामुलांना तुमच्या पोलादाच्या कारखान्यात सोडायचे. मी नऊ-दहा वर्षांचा. आई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आहे, तुम्ही धुतलेला पांढरा सदरा घातला आहे, आणि आपण तिघं पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे तुमच्या खात्यात, शिरतो. सगळा कारखाना लोखंडाचा आणि धुराचा, आणि तुमच्या शॉपला मात्र लाकडाचा वास. मला ते फार नवल वाटलं होतं. माझ्या दुप्पट उंचीचं एक लाकडी दातेरी चाक भिंतीला टेकवलेलं, लाल रंगवलेलं. तुम्ही त्यावर हात फिरवून सांगितलंत की आधी असं लाकडाचं करायचं, मग ते वाळूत दाबून साचा घ्यायचा, मग त्या साच्यात रसरसतं पोलाद ओतायचं. "पन पोलाद थंड होता होता आकसते," तुम्ही म्हणालात. "म्हनून आमी लाकडाचं थोडं मोठं करतो. किती मोठं, ते हे पट्टी सांगते. हिच्यावरचा एकेक सेंटीमीटर जरासा लांब आहे. आकसून गेल्यावर जे उरन, ते बरोबर मापाचं." आईनं विचारलं, "म्हंजे हे पट्टी खोटी?" तुम्ही हसलात. "खोटी नाई. पुढचं पाहून आखलेली." तुमच्या त्या वाक्यावर मी शाळेत महिनाभर फुशारकी मारली होती.

पुढे एकदा ती पट्टी तुमच्या डब्याच्या पिशवीतून घरी आली आणि मी तिनं भूमितीचा गृहपाठ केला. सगळे त्रिकोण चुकले. गुरुजींनी वर्गासमोर त्यांच्या पट्टीनं मोजून दाखवलं, मग त्याच पट्टीनं माझा तळहातही मोजला. मी रडत घरी आलो. तुम्ही पहिल्या पाळीवरून येऊन ओट्यावर पाय धूत होता. सगळं ऐकून आधी खो खो हसलात, आणि मग एकदम चेहरा बदलला. "तुले कोनं सांगतलं होतं हात लावाले? हे घरच्या कामाची पट्टी नाई. जे आकसनार आहे त्याच्यासाठी आहे हे. घरात काय आकसून राहिलं आहे?" त्याच संध्याकाळी खिळा घेऊन तुम्ही ही फुली काढलीत, म्हणजे घरात पुन्हा कोणाची चूक होऊ नये. मार गुरुजींचा होता, पण मला लागलं ते तुमचं बोलणं. कारण तुम्ही माझ्यावर फार क्वचित चिडायचात.

सेक्टर सहामधली आपली गल्ली आठवते ना? समोरासमोर आठ क्वार्टर, आणि संध्याकाळी पोरं इतकी की क्रिकेटच्या दोन टीम एकाच गल्लीतून निघायच्या, वर बाउंड्रीवर उभं राहून भांडायला चार उरायची. तेलुगू, बंगाली, बिहारी, आपण भंडाऱ्याकडचे, शिव्या मात्र सगळ्यांच्या छत्तीसगढी. दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोण रंगवला होता आणि नर्सबाई घरोघर येऊन दोन पुरेत म्हणून सांगायच्या. तुम्ही त्यांना पाणी द्यायचात आणि म्हणायचात, "बाई, सरकारनं दोन सांगतले, आमाले तर देवानं एकच देल्ला. आमच्या घरी कायले पाय झिजवता?" सगळे हसायचे. आई हसायची नाही. माझ्यानंतर तिची दोन बाळंतपणं फुकट गेली होती, हे मला खूप उशिरा कळलं. म्हणजे तुमचं जे काही पुढे जायचं होतं ते माझ्या एकट्यातूनच जाणार होतं. तुम्ही हे कधी बोलून दाखवलं नाहीत, हीच मोठी पंचाईत झाली. बोलला असतात तर मी भांडलो असतो, आणि भांडणात तरी माझ्या तोंडून खरं निघून गेलं असतं.

माझं लग्न झालं तेव्हा मी एका खाजगी वर्कशॉपात ड्रॉइंग काढत होतो. ऑर्डर असली की काम, नसली की घरी. कारखान्याच्या दोन परीक्षा देऊन झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा यादीत नाव नव्हतं. माझ्याबरोबरच्या सगळ्यांचं तेच. कामगारांची पोरं, बापांच्या सायकली चालवणारी, चौकातल्या पानठेल्यावर उभी राहून 'परमनंट झालो की' या तीन शब्दांनी प्रत्येक वाक्य सुरू करणारी. परमनंट झालो की लग्न. परमनंट झालो की मूल. तुम्ही एक पत्र्याची पेटी घेऊन गावाहून आलात, पहिली दोन वर्षं चौघांच्या खोलीत काढलीत, आणि तरी आईला आणलंत, मला जन्माला घातलंत. कशाच्या भरवशावर? मी हे तुम्हाला एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "भरवसा गिरवसा काही नोता रे. सकाळी भोंगा वाजे, आमी जावो." मला ते उत्तर अडाणीपणाचं वाटलं. मी शिकलेला होतो, मी पुढचं पाहून चालणार होतो. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी तुमच्या सुनेला सांगितलं की पक्की नोकरी लागेपर्यंत मूल नको. ती नागपूरची, स्वतः शाळेत शिकवणारी. तिला पटलं. निदान तेव्हा तरी पटलं.

मग तुम्ही रिटायर झालात, आणि क्वार्टर सोडायला काही महिने मिळाले. लोक त्या महिन्यांत सामान आवरतात. तुम्ही दुर्गच्या लाकडाच्या टालावरून सागवान आणलंत आणि मागच्या ओट्यावर पाळणा करायला बसलात. आईनं कपाळावर हात मारला. "लेकरू पोटात नाई अन् पाळना दारात! असं कोनी करत नसते. अपशकुन असते तो." तुम्ही रंधा मारत राहिलात. "नवीन घरी हे ओटा कुठून आनू? आता हात चालून राहिले तं करून घेतो. तयार असलं म्हंजे येते." भर एप्रिल, सगळी गल्ली कूलरसमोर, आणि तुम्ही बनियनवर, घामानं चश्मा घसरतो आहे, दर थोड्या वेळानं कानशीची खरखर, मग एक ठोका. बाबा, मी वर्कशॉपातून येऊन ते पाहायचो आणि सरळ आत निघून जायचो. एकदा तुम्ही मला हाक मारलीत आणि गजांवर बसवलेली छोटी लाकडी चिमणी दाखवलीत. तिची चोच फिरत होती. "पोट्टं हिलेच धरन पाह्यजो," तुम्ही म्हणालात. मी "हाव" म्हटलं.

गादी आईनं शिवली. अपशकुन म्हणाली खरी, पण तुम्ही तोंडी सांगितलेलं माप टेपनं घेऊन, जुन्या मऊ लुगड्यांची, बारीक टाके घालून शिवली. आणि ती पाळण्यात घातली तर चारी बाजूंनी फट. डोक्याकडे, पायाकडे, एक बोट सहज आत जाईल एवढी. आई म्हणाली टेप चुकली नाही. तुम्ही म्हणालात मी चुकलो नाही. मग तुम्ही ओट्यावरून पट्टी उचलली, उन्हात नेऊन डोळ्यांशी धरली आणि टोकाची फुली तुम्हाला दिसली. तेव्हा तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, आम्हाला माहीत नव्हतं. निरोपाच्या दिवशी शॉपमधल्यांनी तुमची आठवण म्हणून तीच पट्टी तुमच्या पिशवीत घातली होती, आणि तीस वर्षं हाताला तिचीच सवय. अख्खा पाळणा तुम्ही आकसणीच्या मापानं केला होता. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही खाली बसलात आणि हसत सुटलात, आई हसली, तुमची सून पदर तोंडाला लावून हसली. "आता याले भट्टीत टाका," आई म्हणाली, "आकसन तं आकसन." हसता हसता तुम्ही एका बोटानं पाळणा हलवून पाहिलात, कड्या नीट फिरतात का ते. आईचं हसू तिथंच थांबलं. तिनं तुमचा हात धरला. "रिकामा पाळना हालवू नका."

आपण दुर्गला पद्मनाभपूरच्या घरात आलो. पाळणा चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात आई चुलीपुढून, म्हणजे गॅसपुढून, पण ती चूलच म्हणायची, न वळता म्हणाली, "काहून वो बाई, पाळन्याचं काही आहे का मनात?" तुमची सून पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा होतो. तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसला होता, आणि तुमचा पेपर वाजायचा थांबला होता. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की आम्हीच थांबलो आहोत, मीच नको म्हणतो आहे. माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर म्हनते वेळ लागन. हिच्या तब्येतीचं थोडं आहे." काहीच नव्हतं तिच्या तब्येतीचं. आम्ही कुठल्या डॉक्टरकडे गेलोही नव्हतो. ती पुन्हा पोळी लाटायला लागली. खोलीत आल्यावर तिनं मला विचारलं, "हे काय सांगितलं तुम्ही?" मी म्हटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, नोकरी लागू दे, एवढं सांभाळून घे.

तिनं सांभाळलं. आईनं कोणाकोणाला विचारून काढे सुरू केले. दर मंगळवारी पितळेचा पेला भरून, काळा, कडू, अंगणातून येताना त्याचा वास यायचा. तुमची सून तो आईसमोर उभी राहून प्यायची, पेला विसळून ठेवायची, शाळेत जायची. आणि तिच्या पर्समध्ये, बाबा, गोळ्यांचं पाकीट होतं. मीच आणून देत असे. मूल होण्यासाठी काढा आणि न होण्यासाठी गोळी, एकाच पोटात. आई शेजारणींना सांगायची, पोरगी गुणाची आहे पण नशीब फुटकं. नशीब कोणाचं फुटकं होतं ते तिला मरेपर्यंत कळलं नाही. मी घाबरट माणूस आहे. आयुष्यभर त्या घाबरटपणाला मी विचारीपणा म्हणत आलो.

आता त्या दिवसाचं लिहितो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते. दुपारी मी घरी आलो, वर्कशॉप बंदच होतं, आणि पाळणा माळ्यावरून खाली अंगणात उतरवलेला. तुम्ही त्याचे सांधे सोडवत होता. एकेक फळी, एकेक गज, चिमणीसुद्धा काढून बाजूला ठेवलेली. तुम्ही मला म्हणालात, "इकडून धर जरा." मी फळीचं दुसरं टोक धरलं. तुम्ही बाजारातून आणलेल्या नव्या टेपनं माप घेतलंत, पेन्सिलीनं खूण केलीत आणि करवत लावलीत. मी म्हटलं, "बाबा, हे कायले करून राहिले?" तुम्ही करवत थांबवली नाहीत. खाली बघत म्हणालात, "माहं चुकलं बावा. लेकरू यायच्या आधी पाळना केला, अन् तोही खोट्या मापाचा. तुही माय सांगत होती, आयकलं नाई मी. आता बरोबर करून ठेवतो." कापलेला तुकडा खाली पडला. मग तुम्ही म्हणालात, "सुनेचा काही दोष नाई. तिले सांगजो. अन् तुहाही नाई."

आठ दिवस तुम्ही ते काम केलंत. प्रत्येक तुकडा कापायचा, टोकं पुन्हा तासायची, पुन्हा बसवायची. रोज मी दुसरं टोक धरलं. आपण दोघं इतका वेळ एकत्र कधीच बसलो नव्हतो. तुम्ही मला करवत कशी धरायची ते शिकवलंत, सागाची रेघ कशी ओळखायची ते सांगितलंत, मला ते दिवस, लाज वाटते पण सांगतो, सुखाचे वाटले. शेवटच्या दिवशी आईची गादी आणून घातलीत. चारी बाजूंनी बरोबर बसली, नख जाईल एवढीही फट नाही. तुम्ही गादीवरून हात फिरवलात. या खेपेस पाळणा हलवून पाहिला नाहीत.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. पुढच्या वर्षी मला कारखान्यात नोकरी लागली. पक्की. पहिल्या दिवशी गेटमधून आत शिरताना मला तुम्ही आठवलात, आणि संध्याकाळी घरी येऊन मी तुमच्या सुनेला म्हटलं, आता झालं, आता आपल्याला मूल होऊ दे. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हातातली घडी पूर्ण केली. "आता मले नको," ती म्हणाली. "ज्या घरात मी इतके काढे पिले, त्या घरात मले लेकरू नको. बाबा माझ्यासाठी पाळणा कापत बसले, अन् मी खिडकीतून पाहत होती. तुम्ही फळी धरून होते." ती ओरडली नाही. नंतरही कधी बोलून दाखवलं नाही. आम्ही नीट राहतो, बाबा. ती माझ्या पथ्याचं पाहते, मी तिच्या गुडघ्यांना तेल लावून देतो. फक्त मूल या विषयावर आमच्यात त्या दिवसानंतर एक वाक्य झालेलं नाही.

तिच्या शाळेत बालवर्गाच्या चार तुकड्या होत्या. ती रिटायर व्हायच्या आधी एकच उरली, तीही जेमतेम. मध्यंतरी मी उगाच सेक्टर सहामध्ये जाऊन आलो. आपली गल्ली तशीच आहे, क्वार्टरही तेच, दारांत म्हातारी माणसं बसलेली. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि गल्लीत एक चेंडू उडाला नाही. मागच्या दिवाळीत तुमच्या सुनेची भाची नवऱ्याबरोबर पुण्याहून आली होती. चहा पिता पिता हिंदी-मराठी मिसळून सरळ म्हणाली, "काकाजी, हमने तो मम्मी-पापा को बता दिया. आम्हाला मूल नको आहे. ते रडले, दोन महिने बोलले नाहीत, अब ठीक है." तिची कारणंही तीच होती, आमच्या पानठेल्यावरची. नोकरीचं खरं नाही, घर परवडत नाही, पुढे काय होईल कोणी सांगावं. तिनं मला विचारलं, तुम्हाला कधी वाईट वाटलं का? तुमची सून तिथंच बसली होती. मी म्हटलं, सवय होते. पोरांना शहाणपण सांगायचा अधिकार माझ्याकडे नाही, आणि त्यांना चूक म्हणायची हिंमतही नाही. मला फक्त एवढं दिसतं की कुठेही पाहावं तर सगळे थांबलेले आहेत, आणि थांबता थांबता सगळं संपत चाललं आहे. तुम्ही विचारलं होतंत, घरात काय आकसून राहिलं आहे. आता काय काय म्हणून दाखवू?

पाळणा मी जपून ठेवला आहे. दोन-तीनदा लोकांनी मागितला, दिला नाही. हे पत्रही कुठे पाठवायचं नाहीच. पट्टीबरोबर ट्रंकेत जाईल, आणि आमच्यामागे ट्रंक उघडायलाही कोणी नाही, तेव्हा कोणी वाचेल ही भीती नाही. म्हणूनच शेवटी एक सांगतो, जे तुमच्या सुनेलाही सांगितलेलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की त्या आठ दिवसांत मला तुम्हाला खरं सांगायचं होतं, पण धीर झाला नाही. तसं नव्हतं. तुम्ही खाली मान घालून "माहं चुकलं" म्हणालात ना, बाबा, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी फळी आणखी घट्ट धरली.